पहिला परदेश दौरा: तबला केबिनमध्ये की सामानात, आणि त्यापुढचे खरे प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुण तबलावादकाला गायिकेच्या साथीला सहा आठवड्यांचा पहिला परदेश दौरा मिळाला आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. आधी लंडन, मग जर्मनी आणि नेदरलँड्स, शेवटी अमेरिकेचा ईशान्य भाग. गायिकेचा स्वर, म्हणजे षड्ज, काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी), क्वचित काळी पाच. तबला केबिनमध्ये न्यावा की सामानात टाकावा, केस कुठली घ्यावी आणि तबले किती न्यावेत, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

केसचं उत्तर सोपं आहे, ते देतोच. पण प्रवासात तबला फुटण्याचे प्रसंग त्या मानाने कमी असतात. वाद्य बिघडतं ते विमानातून उतरल्यावर, हीटरने तापवलेल्या कोरड्या खोल्यांत. आणि दौरा बिघडतो तो त्याच्याही आधी, कागदांत. म्हणून केसबद्दल लिहून झालं की मी त्या दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे. काही बाबी अर्थातच तुमची विमान कंपनी, आयोजक आणि गायिका यांच्यावर अवलंबून आहेत. तिथे ठाम उत्तर न देता काय विचारून घ्यायचं ते सांगतो.

तबला (उजव्या हाताचा) केबिनमध्ये, डग्गा (डाव्या हाताचा) सामानात. यामागे साधं माप आहे. तबल्याची उंची साधारण 26 सेंटीमीटर आणि गठ्ठ्यांसकट (स्वर लावायच्या लाकडी ठोकळ्यांसकट) रुंदी 18 ते 20. बहुतेक कंपन्या केबिन बॅगेला 55 बाय 35-40 बाय 20-25 सेंटीमीटर आणि 7-8 किलो अशी मर्यादा घालतात. म्हणजे मऊ अस्तराच्या बॅगेत दोन तबले शेजारी शेजारी आडवे बसतात. तबले हलके, प्रत्येकी अडीच-तीन किलोचे असतील, तर बॅगेसकट जेमतेम मर्यादेत. तेव्हा त्या बॅगेत दुसरं काही कोंबू नका. डग्ग्याचं पोट 25 सेंटीमीटरच्या पुढे जातं, त्यामुळे तो केबिनच्या मापात बसतच नाही. तो कडक केसमध्ये चेक-इन करायचा. पुडीवर (वाजवायच्या कातड्यावर) गजऱ्याच्या (तिच्या कडेच्या कातडी वेणीच्या) मापाची प्लायवुडची किंवा जाड पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्याखाली फोम, सगळीकडून किमान दोन इंच भरण. चुंबळ (डग्गा ठेवायची गोल बैठक) खाली, कपडे आजूबाजूला. धातूच्या डग्ग्याला पोचा आला तर दुःख होतं, पण तो वाजतो. पुडीवर काही टोचलं तर मात्र संपलं. एका नगाचं वजन 23 किलोच्या आत ठेवा. 32 किलोच्या वर बहुतेक ठिकाणी नग घेतच नाहीत.

डग्गा गहाळ झाला तरी कार्यक्रम होतो. तिथल्या कुठल्याही तबलावादकाचा डग्गा मागून घेता येतो, त्याला स्वराची तेवढी सक्ती नाही. हव्या त्या स्वराचा आणि तुमच्या हाताला बसणारा तबला मात्र आयत्या वेळी मिळत नाही. केबिनमधली जागा त्याला द्यायची ती यासाठी.

आता नवख्यांना हमखास अडवणारी गोष्ट: हातोडी. ती सुरक्षा तपासणीत काढून घेतात. तबला हातात आणि हातोडी सामानात, अशी फारकत अटळ आहे. सामान एक दिवस उशिरा आलं तर तबला आहे पण लावता येत नाही, अशी अवस्था होते. म्हणून प्रत्येक गावच्या आयोजकाला आधीच लिहा, की एक साधी छोटी हातोडी हॉलवर असू द्या. हाताला लावायच्या पावडरचा मोठा डबाही केबिनमध्ये नको. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पावडरवर 2018 च्या जूनअखेरपासून बंधन आहे. पॉवर बँक याच्या उलट, ती केबिनमध्येच न्यायची. 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. शाईत (पुडीवरच्या काळ्या गोलात) लोहचूर असतो, त्यामुळे क्ष-किरणात ती गडद चकती दिसते आणि बॅग उघडायला सांगतात. शांतपणे उघडा, दोन बोटांनी एक बोल वाजवून दाखवा, काम होतं. क्ष-किरणांनी तबल्याचं काही बिघडत नाही.

अमेरिकेतल्या अंतर्गत उड्डाणांत विमानं छोटी असतात. वरचे कप्पे अरुंद, आणि केबिन बॅग दारातच काढून घेतात. वाद्य कप्प्यात किंवा आसनाखाली मावत असेल आणि चढताना जागा शिल्लक असेल तर ते केबिनमध्ये घ्यावं, असा तिथल्या विमान कंपन्यांना 2015 पासून नियम आहे. पण मुद्दा ‘जागा शिल्लक असेल तर’ याचा आहे. त्यामुळे लवकर चढा. आणि एक तबला वेगळा, आसनाखाली जाईल अशा पिशवीत काढून ठेवता येईल अशीच बॅग घ्या.

हे झालं विमानाचं. आता कोरडेपणा.

बाहेर पाच अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा आत घेऊन 22 अंशांपर्यंत तापवली, तर खोलीतली आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली येते. हवेत पाणी तेवढंच राहतं, पण उबदार हवेची पाणी धरण्याची ताकद वाढलेली असते. थंडी वाढेल तसा हा आकडा आणखी खाली जातो. विमानाच्या केबिनमध्ये तर तो 10 ते 20 टक्के असतो. तुमची पुडी चढवली गेली ती कदाचित 60-70 टक्क्यांच्या हवेत. कातड्यातलं पाणी निघून गेलं की ते आकसतं, ताण वाढतो, तबला आपोआप चढतो, म्हणजे त्याचा स्वर वर जातो. लाकूडही थोडं आकसतं. शाई मात्र कातड्याबरोबर आकसत नाही, म्हणून तिच्या कडा सुटतात, बारीक तडे जातात आणि आस (नाद टिकण्याचा गुण) कमी होऊन तबला करकरायला लागतो. पुडी फाटते ती बहुधा चाटेच्या (कडेच्या पट्टीच्या) आत, गजऱ्याला लागून, आणि बहुधा रात्री, कुणी वाजवत नसताना.

त्यावर उपाय म्हणजे ताण आधीच कमी करून ठेवणं. प्रत्येक उड्डाणाआधी आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर तबला अर्धा ते एक स्वर उतरवून ठेवा. गठ्ठे पूर्ण काढायचे नाहीत, नाहीतर वाद्या (पुडी ताणणाऱ्या कातडी पट्ट्या) सरकतात आणि गजऱ्याची बैठक बिघडते. समोरासमोरच्या जोडीने एकेका गठ्ठ्याला खालून वर दोन हलके ठोके, बस. ‘उद्या पुन्हा लावायचाच आहे’ या कंटाळ्याने हे टाळलं जातं, आणि दौऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याची किंमत कळते.

दुसरं, बॅगेतली हवा सांभाळा. काडेपेटीएवढा डिजिटल आर्द्रतामापक बॅगेत टाका. लक्ष्य 40 ते 55 टक्के. आर्द्रता धरून ठेवणारी दुतर्फी पाकिटं मिळतात. बोव्हेडाचं 49 टक्क्यांचं पाकीट लाकडी वाद्यांसाठीच असतं. ते कमी असेल तेव्हा ओल सोडतं आणि जास्त झाली तर शोषतं. पाकीट नसेल तर भोकं पाडलेल्या साबणदाणीत पिळलेला स्पंज ठेवा, पण तो पुडीला टेकता कामा नये. मुक्कामाच्या खोलीत तबला रेडिएटरजवळ नको, खिडकीच्या काचेला लागूनही नको. आणि गाडीच्या डिकीत रात्रभर तर कधीच नको, मग यजमान कितीही म्हणू देत की सकाळी लवकरच निघायचंय.

हॉलवर पोचल्यावर बॅग लगेच उघडू नका. थंड वाद्य उबदार हवेत आलं की त्यावर बाष्प धरतं. पुडी आधी सैल लागते, तुम्ही ठोकून चढवता, आणि अर्ध्या तासाने ती सुकून वर जाते. बॅग बंदच ठेवून 30-40 मिनिटं तशीच राहू द्या, मग काढा, दहा मिनिटं उघडी हवा लागू द्या, आणि त्यानंतर हातोडी. म्हणजे कार्यक्रमाच्या निदान दोन तास आधी पोचलं पाहिजे. आयोजकाच्या गाडीची वेळ ठरवताना हाच हिशेब सांगा. जुन्या हॅलोजन दिव्यांच्या मंचावर आणखी एक गोष्ट होते. दिव्यांच्या उष्णतेने तबला गाण्यातही चढत राहतो. अशा ठिकाणी साउंडचेक पूर्ण दिव्यांत करा आणि सुरुवातीला तबला अगदी किंचित खालच्या अंगाला ठेवा. एलईडी दिवे असतील तर हा त्रास नाही.

कोरड्या हवेत डग्ग्याचा घुमारा जातो आणि तो टणटण वाजतो. स्वच्छ कापड भिजवून घट्ट पिळा आणि लवेवरून (चाट आणि शाई यांच्या मधल्या भागावरून) एकदाच फिरवा. शाईला पाणी लागू देऊ नका. दहा मिनिटं थांबा. लगेच दुसरा हात फिरवला तर डग्गा मऊ पडतो आणि मैफल संपेपर्यंत सावरत नाही. उलट लंडनच्या पावसाळी संध्याकाळी एखाद्या गार, हीटर नसलेल्या चर्चमध्ये पुडी सैल पडेल. तिथे हेअर ड्रायर कमी आचेवर, फूट-दीड फुटावरून, मिनिटभर फिरवत धरा. एका जागी धरला तर शाई सुटेल.

पुडीबद्दल एकच सल्ला. कोरी करकरीत पुडी घेऊन निघू नका आणि थकलेलीही नको. निघायच्या आधी तीन-चार आठवडे वाजून बसलेली पुडी सगळ्यात भरवशाची. एक तयार, गजऱ्यासकटची पुडी आणि एक वादी बरोबर असू द्या, पण तिच्यावर फार विसंबू नका. नवी पुडी ओली करून चढवावी लागते आणि स्वरात स्थिरावायला दोन-तीन दिवस घेते. एक दिवसाआड कार्यक्रम असताना हे जमत नाही. जास्तीची पुडी हा नाइलाजाचा उपाय आहे. खरा राखीव म्हणजे दुसरा तबला.

आणि दुसरा तबला कुठला, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात रंजक भाग. एक तबला हातोडीने अर्धा स्वर वर, अर्धा स्वर खाली नेता येतो. त्यापलीकडे आस बिघडते किंवा पुडीवर जुलूम होतो. गायिका काळी चारमध्ये गाणार असतील तर मध्यम येतो काळी एक आणि पंचम काळी दोन. काळी पाचमध्ये गायल्या तर मध्यम येतो काळी दोन. म्हणजे काळी दोनला नीट बोलणारा सव्वापाच इंच तोंडाचा तबला काळी चारच्या पंचमात आणि काळी पाचच्या मध्यमात, दोन्हीकडे चालतो. हा तुमचा मुख्य तबला. मालकंस किंवा मारव्यात पंचम नाही. काळी चारला मालकंस झाला तर मध्यमाचा, म्हणजे काळी एकचा तबला हवा, तोंड साडेपाच इंचांच्या आसपास. मारव्यात मध्यमही तीव्र, तिथे षड्जच बरा. काळी पाचला भूप झाला तर मध्यमही चालत नाही, पंचमाला पांढरी चार लागते, आणि त्याला पाच इंची तोंड. काही गायिकांना षड्जाचाच तबला हवा असतो. मग सहा इंचांच्या आसपासचं मोठं तोंड लागतं आणि सगळं गणित बदलतं.

म्हणून निघण्याआधी गायिकेकडून रागांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे तबल्याचा स्वर लिहा. दोन तबल्यांत सगळं बसत नसेल तर दोन-चार राग बदलता येतात का ते आत्ता विचारा, मंचावर नाही. लांबच्या प्रवासाने आणि कोरड्या हवेने गळा बसला की गायिका अर्धा स्वर खाली येतात, हेही गृहीत धरा. हार्मोनियम कुठल्या मापाला आहे तेही पाहा. तिथे मिळणारी पेटी 440 ला (म्हणजे पांढरी सहा सेकंदाला 440 कंपनांवर) असेल आणि तुमच्याबरोबरची 442 ला, तर तानपुऱ्याचं अॅप त्या दिवशीच्या पेटीला मिळवा. पेटी हलत नाही, बाकी सगळे हलू शकतात.

कागदांकडे वळतो. तीन देशसमूह म्हणजे तीन व्हिसा, आणि पासपोर्ट एकच. तुमच्या दौऱ्यातली खरी अडचण इथे आहे. प्रत्येक अर्जात पासपोर्ट काही दिवस किंवा आठवडे अडकतो, म्हणून क्रम आधी लावावा लागतो. सगळ्यात वेळखाऊ अमेरिका. पैसे घेऊन वाजवायचं असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही. शास्त्रीय संगीतकारांसाठी सहसा पी-3 हा वर्ग वापरतात. तिथल्या आयोजकाने किंवा एजंटाने आधी तिथे याचिका करायची, ती मंजूर झाली की तुम्ही वकिलातीत मुलाखत द्यायची. याचिका कार्यक्रमाच्या वर्षभर आधीपर्यंत करता येते. तिच्यात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच आहे ना, ते स्वतः डोळ्यांनी वाचा. ‘मुख्य कलाकाराचं झालं म्हणजे साथीदारांचं होतंच’ असं काही नसतं.

ब्रिटनमध्ये आमंत्रण पक्कं असेल तर ठराविक सशुल्क कार्यक्रम व्हिजिटर व्हिसावर करता येतात. पण ते जाण्याआधी ठरलेले हवेत आणि पोचल्यापासून 30 दिवसांच्या आत व्हायला हवेत. शेंगेन व्हिसा (जर्मनी, नेदरलँड्स आणि युरोपातल्या इतर अनेक देशांचा सामाईक व्हिसा) 180 दिवसांत 90 दिवसांचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मात्र पैसे घेऊन वाजवण्याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे, म्हणून जर्मन आणि डच आयोजकांना स्वतंत्र लेखी विचारा. लंडन शेंगेनमध्ये येत नाही. मधेच एक कार्यक्रम लंडनला परत लागला तर एकेरी प्रवेशाचा शेंगेन व्हिसा तिथेच संपतो. बहुप्रवेशाचाच मागा.

वाद्याच्या लाकडाची काळजी आता फारशी नाही. शिसवाच्या सगळ्या जातींवर 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली होती, पण 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. धोका आहे तो जुन्या तानपुऱ्यांत आणि सतारींत. घोडी किंवा नक्षी हस्तिदंताची अथवा सांबरशिंगाची असेल तर ते वाद्य घरीच ठेवा. पुढे कधी ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला गेलात तर लाकूड आणि कातडं उतरताना जाहीर करा. लपवल्याचा दंड जाहीर करण्याच्या कटकटीपेक्षा फार मोठा असतो. महागडे माइक किंवा नवी वाद्यं बरोबर असतील तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना ती विकत आणल्याचा संशय येत नाही.

मानधन ठरवताना एकच वाक्य लिहून घ्या: ही रक्कम कर कापण्याआधीची की नंतरची? परदेशी कलाकाराच्या मानधनातून अमेरिकेत साधारणपणे एकूण रकमेच्या 30 टक्के कापतात, जर्मनीत अधिभारासह 15.825, ब्रिटनमध्ये ठराविक रकमेच्या वर 20. कापल्याचं प्रमाणपत्र तिथेच घ्या, भारतातल्या करात त्याचं श्रेय मागता येतं. घरी आल्यावर सहा महिन्यांनी ते कुणी पाठवत नाही.

मंचाबद्दल. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनी बहुधा उत्साही स्वयंसेवकाकडे असतो, महोत्सवात व्यावसायिक इंजिनिअर असतो, आणि गंमत म्हणजे चूक दोघांची वेगळी असते. स्वयंसेवक एक माइक मधोमध ठेवतो. इंजिनिअर तबल्याला ड्रमकिट समजतो आणि त्यावर नॉइज गेट लावतो. गेट म्हणजे आवाज ठराविक पातळीखाली गेला की माइक बंद करणारी सोय. तिने डग्ग्याची मींड मधेच कापली जाते, आणि तुम्हाला वाटतं हातच बसत नाही. म्हणून आधी पाठवायच्या तांत्रिक पत्रकात स्पष्ट लिहा: दोन माइक, तबल्याला एसएम57 (वाद्यांसाठी सर्रास वापरला जाणारा माइक) किंवा तत्सम, चाटेपासून 10 ते 15 सेंटीमीटरवर तिरका; डग्ग्याला वेगळा; गेट नको, कॉम्प्रेशन (आवाजातला लहानमोठेपणा दाबणारी सोय) नाममात्र. तुमच्या मॉनिटरमध्ये (मंचावर तुमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) गायिकेचा आवाज आणि तानपुरा पुरे. तबला त्यात घातला की डग्गा घुमून शिट्टी येते. गायिका, पेटी, तबला आणि दोन तानपुरे असतील तर किमान 12 बाय 8 फुटांचा चौथरा मागा.

तानपुऱ्याचं यंत्र नेणार असाल तर अॅडॉप्टरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलंय का पाहा. अमेरिकेत 120 व्होल्ट असतात, जुनी यंत्रं तिथे चालत नाहीत. फोनवरचं अॅप लावणार असाल तर फोन विमान मोडवर टाका आणि जोडणी डीआय बॉक्समधून (फोन आणि ध्वनियंत्रणा यांच्या मधे लावायच्या छोट्या डबीतून) घ्या. नाहीतर विजेची गुणगुण येते. अमेरिकेत ती 60 हर्ट्झची असते, काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध, म्हणजे काळी पाचला गाणाऱ्या गायिकेच्या षड्जाला बरोबर खुपेल अशी.

मंचावर तबला पुन्हा लावावा लागला तर संकोच नको. ज्यांना सवय नाही अशा श्रोत्यांना ते वादनच वाटू शकतं. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि साथीदारांनी वाद्यं लावल्यावर टाळ्या पडल्या होत्या. गायिकेला किंवा निवेदकाला एक वाक्य बोलायला सांगा आणि निवांत लावा. मात्र एकूण वेळेचं भान ठेवा. तिथले हॉल ठरलेल्या वेळेला बंद होतात आणि वाढीव वेळेचे पैसे आयोजकाला पडतात. तुमचं लावणं दहा मिनिटं चाललं तर ती भैरवीतून जातात.

परत आल्यावर पुडी सैल लागेल, विशेषतः तुम्ही किनारपट्टीला राहत असाल तर. पहिले दोन दिवस गठ्ठ्यांना हात लावू नका. कातडं पुन्हा इथली हवा धरेपर्यंत स्वर हलत राहतो, आणि त्या दरम्यान ठोकून चढवलेला तबला आठवड्याभराने पुन्हा उतरवावा लागतो. तिसऱ्या दिवशी शाईची कड बोटाने चाचपून बघा. कुठे सुटल्यासारखी वाटली तर पुढच्या कार्यक्रमाची वाट न बघता कारागिराकडे द्या.